नोकरीतल्या शिक्षकांची टीईटी: वेळ आणायचा कुठून?

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची. पाचहून कमी उरली असेल तर नोकरी टिकते, पण बढती नाही.

आता वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईंचा दिवस बघू. एका खोलीत दोन वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, वर बीएलओचं काम. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ अशैक्षणिक कामांना मनाई करतं, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक त्यातून वगळलेली आहे. मग अभ्यास कधी?

वाट पेपरच्या रचनेतूनच निघते. पहिली ते पाचवीसाठीच्या पेपरात १५० प्रश्न, १५० मिनिटं. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. खुल्या गटाला ९० हवेत आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. गणित, परिसर अभ्यास बाई रोज शिकवतातच. उद्याच्या पाठाचं टाचण काढतानाच त्या घटकावरचे पाच प्रश्न सोडवले, की तेवढी तयारी झाली. रविवारचा वेळ उरतो बालमानसशास्त्राला आणि इंग्रजीला.

आणि एक. केंद्राच्या शिक्षण परिषदेत तासभर सगळ्यांनी मिळून जुना पेपर सोडवायला काय हरकत आहे? परीक्षा एकेकट्याची असली, तरी तयारी एकट्याने करावी असं कुठल्याच निकालात लिहिलेलं नाही.