भरलेल्या बॅटरीचे दुखणे

तीन वर्षांपूर्वी माझ्या लॅपटॉपचा टचपॅड एका बाजूने वर आला. दुरुस्ती करणाऱ्याने झाकण उघडले, तर आतली बॅटरी टम्म फुगलेली. मला नवल वाटले, कारण हा लॅपटॉप मी टेबलावरून कधी हलवलाच नव्हता; तो दिवसरात्र चार्जरला जोडलेला असे. कारागीर म्हणाला, "साहेब, ही वापरून नाही, भरून ठेवून खराब झाली." माझ्याकडे विज्ञानाची पदवी नाही, पण या वाक्याने मला वाचायला बसवले. त्या वाचनाचे सार येथे मांडतो.

'बॅटरी पूर्ण उतरू द्यावी, मग पूर्ण भरावी' हा सल्ला आपल्या पिढीने पाळला. तो निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. रसायन बदलले, सल्ला मात्र तोच राहिला.

लिथियम-आयन बॅटरी चार्ज होताना लिथियमचे आयन धातूच्या ऑक्साइडमधून निघून ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. वापरताना ते परततात. नेहमीचा सेल पूर्ण भरला की त्याचा विद्युतदाब सुमारे ४.२ व्होल्ट होतो. या चढ्या दाबाला आतल्या द्रवाच्या नको त्या अभिक्रिया वाढतात. ग्रॅफाइटवरचे आवरण जाड होत जाते आणि त्यात लिथियम कायमचे अडकते. काही अभिक्रियांतून वायू सुटतो. बॅटरी फुगते ती त्यामुळे. उष्णता या सगळ्याला वेग देते.

कॅनडातील इसिडोर बुखमन यांच्या 'बॅटरी युनिव्हर्सिटी'च्या तक्त्यातील अंदाज बोलके आहेत. २५ अंश सेल्सिअसला वर्षभर ४० टक्के भरून ठेवलेल्या बॅटरीची ९६ टक्के क्षमता उरते. पूर्ण भरून ठेवलेलीची ८० टक्के. तापमान ४० अंश असेल, तर हेच आकडे ८५ आणि ६५ होतात. विदर्भ-मराठवाड्यातला उन्हाळा आठवून पाहा.

म्हणूनच अनेक लॅपटॉपमध्ये आणि फोनमध्ये आता ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते. तिची किंमतही आहे: पाचवा हिस्सा रोज वापराविना राहतो. दिवसभर बाहेर फिरणाऱ्याने फोन खुशाल पूर्ण भरावा. पण ज्याचे यंत्र सदैव प्लगजवळ असते, त्याने ही मर्यादा जरूर लावावी.

हा नियम सगळीकडे लावू नये. मी तो उत्साहाने घरच्या इन्व्हर्टरला लावायला निघालो होतो! तिथली शिसे-आम्लाची बॅटरी अर्धवट भरलेली राहिली, तर तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात. तिला पूर्ण भरलेलेच मानवते. काही विजेवरच्या वाहनांत लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी असते. तिचा चार्ज अचूक मोजता यावा म्हणून उत्पादक ती अधूनमधून पूर्ण भरायला सांगतात. तेव्हा आधी बॅटरीची जात ओळखावी, मग नियम ठरवावा.

माझ्या नव्या बॅटरीला आता ८० टक्क्यांची मर्यादा आहे. प्रवासाच्या आदल्या रात्री तेवढी ती काढतो. आणि एक सावधगिरी: फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, पुन्हा चार्जही करू नये. ती जाणकाराकडून काढून घ्यावी आणि ई-कचरा संकलनात द्यावी.