दहावीचा प्रकल्प: विषय लहान, प्रश्न स्वतःचा

गुरुग्राम-नोएडातल्या ज्या आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) शाळांत एमवायपी (मिडल इयर्स प्रोग्राम) अभ्यासक्रम आहे, तिथे दहावीच्या वर्षी प्रत्येकाला ‘पर्सनल प्रोजेक्ट’ करावाच लागतो. साधारण २५ तासांचं काम, सोबतीला मार्गदर्शक शिक्षक आणि शेवटी अहवाल. एकूण २४ गुण नियोजन, कौशल्यांचा वापर आणि आत्मपरीक्षण यांना आहेत. प्रकल्पात बनवलेल्या वस्तूच्या देखणेपणाला वेगळे गुण नाहीत. म्हणून पालकांनी सजावटीत हात घालू नये.

अडतं ते विषयापाशी. ‘दिल्लीतले मराठे’ २५ तासांत आवरणार नाहीत. पण ११ सप्टेंबर १८०३ ची पटपडगंजची लढाई घ्या. जनरल लेकच्या फौजेनं शिंद्यांच्या सैन्याला हरवलं आणि दिल्ली इंग्रजांकडे गेली. तिचा स्मृतिस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्समध्ये उभा आहे. जुने नकाशे आणि आजचे रस्ते जुळवून त्या रणभूमीचा एक नकाशा काढायचा, एवढंच ठरवलं तरी पुष्कळ!

नकाशा ‘जमला’ कशावरून म्हणायचं, हे आधीच लिहून ठेवावं. स्तंभ पाहायच्या परवानगीचं पत्र पहिल्याच आठवड्यात द्यावं. उत्तराला वेळ लागतो. फसलेले कच्चे नकाशेही तारखेसह जपा, अहवालात तेच पुरावे म्हणून लागतात.