कचराकुंड्या वाढवल्या तर रोगराई कमी होईल का?

अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या एका वाचकाने हा प्रश्न विचारला आहे. प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर नुसते 'हो' असे देता येत नाही.

कुंडी कचरा नाहीसा करीत नाही, काही तास सांभाळते एवढेच. ती वेळेवर उचलली नाही की भरून वाहते आणि तिच्याभोवती उकिरडा तयार होतो. ओल्या कचऱ्यात माशीने घातलेल्या अंड्यांतून उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत नव्या माश्या तयार होतात. याच माश्या टपरीवरच्या उघड्या पदार्थांवर बसून जुलाब व विषमज्वराचे जंतू पसरवतात. खरकट्यावर उंदीर पोसतात. त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात मिसळतात व पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाची मोठी साथ आली होती. म्हणजे न उचललेल्या दहा कुंड्यांपेक्षा रोज रिकामी होणारी एक झाकणाची कुंडी आरोग्याला बरी!

येथे कचऱ्याचे दोन प्रकार लक्षात घ्यावेत. घरचा कचरा रस्त्यावरच्या कुंडीत जाऊच नये. तो दारातून उचलावा, असे २००० सालच्या केंद्राच्या नियमांतच म्हटले होते. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था हेच काम करते. दुसरा कचरा वाटसरूंचा, म्हणजे चहाचे कप, वेष्टने, शहाळी. त्यासाठी मात्र टपऱ्या, रिक्षाथांबे व स्टेशन येथे लहान कुंड्या हव्यातच. नाहीतर कप आणि शहाळ्यांत पावसाचे पाणी साचून आठवड्याभरात डेंग्यूचे डास होतात. पिशव्या गटारात अडकल्या की पाणी तुंबते आणि वाहून गेल्या की वालधुनी नदीत जातात.

नुसत्या कुंड्यांच्या संख्येवर स्वच्छता ठरत नाही, हे टोकियोने दाखवले आहे. १९९५ च्या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर तेथील अनेक सार्वजनिक कुंड्या काढल्या गेल्या. लोक आपला कचरा पिशवीतून घरी नेऊ लागले आणि रस्ते स्वच्छच राहिले. आपल्या शेजारच्या सुरतेत १९९४ साली प्लेगची साथ आली. त्यानंतर नियमित झाडलोट, रोजची उचल आणि घाण करणाऱ्यांना दंड या उपायांनी त्या शहराचे रूप पालटले.

तेव्हा वाचकहो, एवढे करा :

१) ओला व सुका कचरा वेगळा ठेवा आणि घंटागाडीतच द्या.
२) गाडी चुकली तर कचरा झाकून घरात ठेवा, रात्री कोपऱ्यावर नेऊन टाकू नका.
३) कुंडी मागताना ती कोण व किती वाजता रिकामी करणार, हेही अर्जात विचारा.
४) पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालावे लागले आणि नंतर ताप व पोटऱ्या दुखू लागल्या तर अंगावर काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि पाण्यातून चालल्याचे आवर्जून सांगा.