सोल्डर पेस्टच्या छपाईत स्टेन्सिल आणि बोर्ड यांची जुळणी

मुद्रित मंडलाच्या बोर्डावर घटक बसविण्यापूर्वी त्याच्या प्रत्येक तांब्याच्या पॅडवर सोल्डर पेस्टचा, म्हणजे डाखाच्या लेपाचा, मोजका थर द्यावा लागतो. हे काम पोलादी स्टेन्सिलमधून केले जाते. रांगोळीची जाळी जमिनीवर ठेवून तीतून रंग पाडावा, तत्त्वतः तसेच हे होय. भेद इतकाच की येथे रेषा मिलिमीटरच्या दशांशांत मोजावयाच्या असतात. मोठ्या कारखान्यांतील यंत्रे बोर्डावरील व स्टेन्सिलवरील फिड्युशियल खुणा कॅमेऱ्याने पाहून आपली आपण जुळणी करतात. परंतु मलकापूरसारख्या गावी, जेथे डॉ. वि. भि. कोलते यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, किंवा वऱ्हाडातील अन्य कोणत्याही लहान प्रयोगशाळेत, हे काम बहुधा हाताने फिरवावयाच्या स्क्रूंच्या छपाईयंत्रावरच करावे लागणार. बोर्ड व घटक बाहेरगावाहून मागवावयाचे, आणि बॉल ग्रिड प्रकारच्या घटकाखाली झालेला दोष क्ष-किरणांवाचून दिसावयाचा नाही. अशा स्थितीत लेप पाडतानाच चूक ओळखता येणे याला फार मोल आहे.

प्रथम जुळणी किती सूक्ष्म हवी ते पाहू. ज्या घटकाच्या पायांमधील अंतर ०.५ मिमी. आहे, त्याचे पॅड सुमारे ०.२८ मिमी. रुंद व स्टेन्सिलचे छिद्र ०.२५ मिमी. रुंद धरले, तर छिद्राच्या प्रत्येक बाजूस पॅडची जेमतेम ०.०१५ मिमी. कड उरते. स्टेन्सिल ०.१ मिमी. सरकली की छिद्राचा ०.०८५ मिमी. भाग, म्हणजे एकतृतीयांशाहून अधिक, पॅडबाहेर जातो. आता सर्व छिद्रे एकत्रच सरकत असल्याने शेजारच्या दोन लेपांमधील अंतर काही घटत नाही. मग डाखाचे पूल का बनतात, असा प्रश्न विद्यार्थी पुष्कळदा विचारतात आणि तो रास्त आहे. उत्तर असे की, छिद्राची कड पॅडवर टेकलेली असते तोवर ती लेपास बांध घालते. कड पॅडबाहेर गेली की खाली फट राहते, लेप तीतून पसरतो, स्टेन्सिलच्या खालच्या अंगास चिकटतो आणि पुढच्या बोर्डावर नको तेथे उमटतो. म्हणून दोष पहिल्या बोर्डापेक्षा चौथ्या-पाचव्या बोर्डावर अधिक दिसतो. रिफ्लोच्या भट्टीत वितळलेल्या डाखाचा पृष्ठताण घटकास काही अंशी जागेवर ओढून आणतो हे खरे. पण पसरलेला लेप तो परत गोळा करीलच असे नाही.

जुळणीस आरंभ करण्यापूर्वी बोर्डाचा आधार नीट असला पाहिजे. बोर्ड मधोमध लवत असेल तर कडेला केलेली सर्व जुळणी व्यर्थ जाते. त्याच जाडीच्या, बहुधा १.६ मिमी., टाकाऊ बोर्डांचे तुकडे भोवती पक्के चिकटवून घरटे केले तर स्वस्तात उत्तम काम होते. स्टेन्सिल बोर्डावर सर्वत्र टेकली पाहिजे. दोहोंमध्ये अंतर ठेवण्याची पद्धत रेशमी जाळीच्या छपाईतील आहे. पोलादी स्टेन्सिलला ती लागू करू नये.

जुळणीचे मर्म मात्र मोजणीत आहे. बोर्डाच्या दोन टोकांचे दोन लहान पॅड घ्यावेत. त्यांना अ आणि ब म्हणू. त्यांतील अंतर १६० मिमी. असून त्यांना जोडणारी रेषा बोर्डाच्या लांबीस समांतर आहे असे सोयीसाठी धरू. एक छाप काढून भिंगाखाली पाहिले असता अ येथे लेप ०.०२ मिमी. उजवीकडे व ०.०४ मिमी. वर, आणि ब येथे ०.१० मिमी. उजवीकडे व ०.२० मिमी. वर आढळला, अशी कल्पना करा. उभ्या दिशेतील फरक ०.१६ मिमी. आहे. त्यास १६० ने भागले की ०.००१ रेडियन, म्हणजे सुमारे ०.०५७ अंश येतात. छाप इतकी घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरली आहे. आडव्या दिशेतील फरक ०.०८ मिमी. आहे. हे फिरणे नव्हे. स्टेन्सिल बोर्डाहून ०.०५ टक्का लांब आहे असा त्याचा अर्थ. दोन्ही वाचनांची सरासरी, ०.०६ मिमी. उजवीकडे व ०.१२ मिमी. वर, ही सरळ सरकण्याची चूक होय.

यातून कामाचा क्रम आपोआप ठरतो. आधी फिरणे दुरुस्त करावे, नंतर सरकणे. कारण चौकट ज्या बिंदूभोवती फिरते तो बोर्डाच्या मध्यावर क्वचितच असतो. तो ३०० मिमी. दूर असला तर वरील ०.००१ रेडियनच्या दुरुस्तीनेच मधला भाग ०.३ मिमी. सरकेल, आणि आधी कष्टाने साधलेली सरळ जुळणी मोडेल. स्क्रूमध्ये थोडी ढिलाई असतेच. ती एकाच बाजूस राहावी म्हणून अंतिम स्थानावर नेहमी एकाच दिशेने यावे.

राहिली लांबीची चूक. ती कोणताही स्क्रू काढू शकत नाही. अ पॅड तंतोतंत जुळविण्याच्या मोहाने सर्व ०.०८ मिमी. चूक ब कडे जाते. मध्यावर जुळविली तर दोन्ही टोकांस ०.०४ मिमी. एवढीच उरते. कोपऱ्यापासून जुळणी सुरू करण्याची सवय यासाठीच सोडावी. चूक याहून मोठी निघाली तर त्या खेपेचे बोर्ड मोजून नवी स्टेन्सिल कापवून घेणे हाच मार्ग.

वऱ्हाडात मे महिन्यात तपमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते, म्हणून ही लांबीची चूक उष्णतेची असावी असा तर्क होतो. हिशेब त्यास पुष्टी देत नाही. पोलादी स्टेन्सिलचा प्रसरणांक दर अंशास सुमारे १७ दशलक्षांश व काचतंतूच्या बोर्डाचा सुमारे १४ ते १७ दशलक्षांश आहे. १५ अंशांच्या वाढीने २०० मिमी. लांबीत दोहोंतील फरक फार तर ०.००९ मिमी. पडेल. बोर्डाची लांबी बदलते ती मुख्यतः तो बनविताना थर दाबण्याच्या क्रियेत, किंवा त्याची एक बाजू आधीच भट्टीतून गेलेली असल्यास.

उन्हाळा नडतो तो लेपाला. लेपात वजनाने सुमारे ९० टक्के धातूची भुकटी असते, पण आकारमानाने ती निम्मीच. बाकीचा फ्लक्स उष्णतेने पातळ होतो व थर ढासळतो. २० ते २६ अंशांच्या खोलीत काम करणे इष्ट. लेप शीतकपाटातून काढल्यावर डबा बंद ठेवूनच काही तास खोलीच्या तपमानावर येऊ द्यावा. लगेच उघडल्यास त्यावर दंव धरते आणि भट्टीत डाखाचे मणी उडतात. पावसाळ्यात याचा त्रास अधिक.

कोरड्या जुळणीवर विसंबू नये. स्क्वीजी सुमारे ६० अंशांच्या कोनात फिरू लागली की घर्षणाने स्टेन्सिल किंवा बोर्ड किंचित ओढला जातो. म्हणून पुढच्या व मागच्या फटकाऱ्याच्या छापा वेगवेगळ्या मोजाव्यात. त्या निराळ्या निघाल्या तर दोष स्क्रूंत नसून बोर्डाच्या पकडीत वा स्टेन्सिलच्या ताणात आहे. चाचणीच्या छापांसाठी बोर्डावर पातळ पारदर्शक फिल्म घट्ट चिकटवावी. लेपाआडून पॅड किती डोकावतो ते तीवर दिसते, आणि बोर्ड धुण्याचा खटाटोप वाचतो. बिजागरीच्या यंत्रात स्टेन्सिल तिरपी उचलली जाते व थराची कड ओढली जाते. तेथे ती अगदी सावकाश उचलावी.

पुसण्याविषयी एक सूचना या मुलखात विशेष लागू पडते. कापसाच्या गावी सुती चिंधी हाताशी असते, आणि स्टेन्सिलसाठी तीच सर्वांत वाईट. तिचा एक तंतू ०.२५ मिमी. रुंदीच्या छिद्रात अडकला की त्या पॅडवर लेप अपुरा पडतो. तंतू न सोडणारे कापड अल्कोहोलमध्ये भिजवून खालच्या अंगाने पुसावे. छाप बिघडलेला बोर्ड चाकूने खरवडू नये. भुकटीचे कण लहान भोकांत शिरून राहतात व पुढे भट्टीत वितळतात. तो द्रावकात पूर्ण धुऊन, भोके उजेडासमोर धरून तपासून, वाळल्यावरच पुन्हा घ्यावा.