हुगळीकाठचा एक शनिवार

बदलीचा आदेश हाती पडला की बँकेतला माणूस आधी नकाशा उघडतो आणि मग घरी दूरध्वनी करतो. माझी कोलकात्यास बदली झाली तेव्हा आई हयात होती. "मला एकदा तो हावड्याचा पूल दाखव," एवढेच ती म्हणाली. मार्चअखेर उरकू दे, लेखापरीक्षण होऊ दे, पुढच्या हिवाळ्यात नक्की, असे म्हणत मी दोन वर्षे काढली. तो पुढचा हिवाळा आला तेव्हा आई नव्हती.

तेव्हापासून बाबा साताऱ्याच्या घरी एकटेच असतात. जिल्हा न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले, मोजके आणि मुद्द्याचे बोलणारे. आई गेली त्याच सुमारास स्वयंपाकघरातला रेडिओ बिघडला. तो त्यांनी दुरुस्तीस दिला नाही. गेल्या जानेवारीत मोठ्या मिनतवारीने मी त्यांना आठ दिवसांसाठी आणले. माझा हेतू लपवण्याजोगा नव्हता. शहर त्यांना आवडावे आणि त्यांनी येथेच राहावे, यासाठी महिन्यातला दुसरा शनिवार मी राखून ठेवला होता.

भल्या सकाळी आम्ही पुलाखालच्या मल्लिक घाटावर पोहोचलो. येथला फुलबाजार पाहायचा तर धुके विरण्यापूर्वीच. झेंडूच्या केशरी माळांची वेटोळी डोक्यावर घेतलेले हमाल ओरडत वाट काढीत होते. बाबांनी एक माळ घेतली, पायऱ्या उतरून हुगळीत सोडली आणि ती दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले. आईचे नाव आम्ही दोघांनीही घेतले नाही.

मग पायी पूल ओलांडला. 1943 साली खुल्या झालेल्या या पुलाला नदीच्या पात्रात एकही खांब नाही. सुमारे साडेसव्वीस हजार टन पोलाद, आणि त्याची जोडणी नटबोल्टांनी नव्हे, रिव्हेटांनी केलेली. 1965 पासून त्याचे अधिकृत नाव रवींद्र सेतू आहे, पण ते सांगून टॅक्सीवाल्याला बुचकळ्यात पाडू नये. हावड्याहून परतताना मेट्रो नदीच्या खालून धावते. मार्च 2024 मध्ये सुरू झालेल्या या मार्गावर पात्राखालचे अंतर अवघ्या पाऊण मिनिटात सरते. बोगद्यात निळे दिवे दिसू लागताच बाबांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिले आणि नदी संपल्यावर "बरोबर आहे," असा शेरा दिला.

महाकरण स्थानकातून वर आलो की आपण जुन्या डलहौसी चौकात असतो. बँकेतल्या माणसाने येथे क्षणभर थांबावे. 1806 सालची बँक ऑफ कलकत्ता, पुढे तीच बँक ऑफ बंगाल, या शहरातली; रिझर्व्ह बँकेचे मध्यवर्ती कार्यालयदेखील 1935 मध्ये प्रथम येथेच होते, ते 1937 साली मुंबईस गेले. हे मी उत्साहाने सांगत असताना बाबा शेजारच्या गाडीवरची कचोरी न्याहाळत होते. आम्ही कचोरी खाल्ली.

जोडासांकोच्या ठाकूरवाडीत मात्र चित्र पालटले. रवींद्रनाथांचा जन्म (1861) आणि मृत्यू (1941) दोन्ही याच वास्तूतले. चपला काढून आपण खोल्या-खोल्यांतून फिरतो आणि आवाज आपोआप खाली येतो. थोरले बंधू सत्येंद्रनाथ यांचे छायाचित्र दाखवून मी सांगितले की, आयसीएसमध्ये दाखल झालेले हे पहिले भारतीय. त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले आणि 1897 साली ते साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. बाबा एकदम ताठ उभे राहिले. "म्हणजे आमच्याच कचेरीतले," ते म्हणाले. पुढचा अर्धा तास त्यांच्याकडून मला साताऱ्याच्या न्यायालयाविषयी इतके ऐकायला मिळाले, जितके उभ्या बालपणात मिळाले नव्हते.

दुपारचे व्हिक्टोरिया मेमोरियल आम्ही बाहेरूनच पाहिले. संगमरवर भव्य आहे, पण पाय दुखत होते.

संध्याकाळी माझ्या घरमालकांच्या वस्तीतल्या मंडळाने हेमंतकुमारांच्या चित्रपटगीतांची मैफल ठेवली होती. घरमालक पंच्याहत्तरीचे, थट्टेखोर. वाटेत त्यांनी बाबांना बर्गींची आठवण करून दिली. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धाकाने 1742 मध्ये कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो पुरा झालाच नाही आणि पुढे बुजवला गेला. 'मराठा डिच' हे नाव तेवढे इतिहासात उरले. "त्याची भरपाई कोण देणार?" असे त्यांनी हिंदीतून विचारताच बाबा शांतपणे म्हणाले, "दावा मुदतबाह्य झाला आहे." दोघांची मैत्री तेथेच जुळली.

सभागृह लहान, खुर्च्या लाकडी. हार्मोनियम, तबला, अ‍ॅकॉर्डियन आणि एक कीबोर्ड. निवेदक जाणकार होते. 'नागिन' (1954) चित्रपटातली बीन खरी बीन नव्हेच; कल्याणजींनी वाजवलेली क्लॅव्हिओलिन आणि रवींची हार्मोनियम यांतून ती घडली, हे त्यांनी सांगितले तेव्हा श्रोते हसले आणि कीबोर्डवाल्याने लगेच ती धून वाजवून दाखवली. बंगाली गाण्यांना सारे सभागृह ओठांतल्या ओठांत गात असे. बाबा मात्र हाताची घडी घालून बसले होते. मी अधूनमधून त्यांच्याकडे पाही आणि मग पाहणे सोडून दिले.

मध्यंतरानंतर घरमालक व्यासपीठाकडे जाऊन काही कुजबुजले. निवेदकाने घोषणा केली की आज पाहुणे महाराष्ट्रातले आहेत, तेव्हा हेमंतदांचे एक मराठी कोळीगीत होईल. शांता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांची चाल, मूळ गाण्यात सोबतीला लताबाई. माझ्या छातीत धस्स झाले. आई रेवदंड्याची. लग्न होऊन घाटावर आलेल्या त्या समुद्राकाठच्या मुलीचे हे रेडिओवरचे गाणे. ते लागले की पोळी तव्यावर करपली तरी तिला भान नसे.

गायकाने कागदावर बंगाली लिपीत शब्द उतरवून घेतले होते. 'ळ' चा 'ल' झाला, 'अ' चा ठिकठिकाणी 'ओ' झाला. पण तो खर्जातला आवाज आणि लाटेसारखी पुढे-मागे होणारी ती लय! दुसऱ्या कडव्याला बाबांच्या हाताची घडी सुटली. त्यांची बोटे खुर्चीच्या दांडीवर ठेका धरत होती, चष्मा काढून मांडीवर ठेवलेला होता. मी समोर पाहत राहिले.

घरी परतताना पिवळ्या टॅक्सीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मी धीर करून विचारले, "बाबा, तुमचं आझाद हिंदचं तिकीट रद्द करू का? राहा ना इथंच."

"नको," ते म्हणाले. "तिकीट राहू दे. गेल्या गेल्या रेडिओ दुरुस्तीला टाकायचा आहे." आणि थोड्या वेळाने, खिडकीबाहेर पाहत, "पुढच्या हिवाळ्यात येईन. तू मात्र मार्चअखेरीचं कारण सांगू नकोस."