खंडेनवमी : आमची जीप आणि तिचे क्षेम

आश्विन शुद्ध नवमी म्हणजे खंडेनवमी. घरोघरी शस्त्रे, अवजारे, यंत्रे आणि वाहने स्वच्छ करून त्यांचे पूजन करण्याचा हा दिवस. शेतकऱ्याचा नांगर, सुताराचा रंधा, वैद्याचा खल, ज्याच्या त्याच्या पोटापाण्याचे जे साधन असेल ते या दिवशी देवत्व पावते. आमच्या वाईच्या घरी देवघरातील पाटावर पोथ्या, झांजा आणि चिपळ्या मांडल्या जातात. आणि अंगणात पारिजातकाखाली उभी असते आमची जीप. तिचा जन्म १९६७ सालचा. पूजेच्या मानकऱ्यांत वयाने ती आता बरीच वरची आहे.

हरिदासाला जीपगाडी कशासाठी, असा प्रश्न अनेकांनी आम्हांस विचारला आहे. त्याचे उत्तर वाईच्या पश्चिमेस आहे. धोम धरणाच्या पलीकडे, कृष्णेच्या उगमाकडील डोंगरांच्या कुशीत जोर, जांभळी अशी गावे वसली आहेत. तेथील पाऊस ज्याने अंगावर घेतला आहे, त्यासच त्याची कल्पना येईल. आम्ही तरुणपणी कीर्तनास जाऊ लागलो, तेव्हा पावसाळ्यात तिकडचा रस्ता नावापुरताच उरे. जन्माष्टमीचे कीर्तन करण्यासाठी गुडघाभर चिखल तुडवीत, पेटी डोक्यावर घेऊन आम्ही गेलो आहोत. १९८६ साली एका सरकारी खात्याच्या निकामी गाड्यांच्या लिलावात ही जीप आम्ही घेतली, ती या चिखलावर उपाय म्हणून. ‘बुवा आता मोटारीतून फिरणार’ अशी थट्टा गावात झाली. परंतु पहिल्याच श्रावणात तिने आम्हांस, तबलजीस आणि पेटीस कोरडे पोहोचविले, तेव्हा थट्टा करणारेच पुढे ‘आम्हांलाही न्या’ म्हणू लागले.

या गाडीचे कुळ ठाऊक असावे म्हणून थोडा पूर्वरंग सांगतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विलीज आणि फोर्ड या कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर तीच गाडी शेतीच्या आणि प्रवासाच्या कामासाठी निघाली. आपल्याकडे १९४५ साली ‘महिंद्र अँड महंमद’ ही पेढी स्थापन झाली आणि १९४७ मध्ये मुंबईस विलीजच्या जीपचे सुटे भाग आणून जोडणी सुरू झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तेथील पहिले अर्थमंत्री झाले. इकडे १९४८ मध्ये पेढीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. आमची गाडी त्याच घराण्यातील, ‘सीजे थ्रीबी’ जातीची. तिचे कपाळ, म्हणजे बॉनेट, आधीच्या जीपपेक्षा उंच दिसते. याचे कारण आत बसविलेले इंजिन उंच आहे. त्याच्या हवा घेणाऱ्या झडपा माथ्यावर आणि धूर सोडणाऱ्या झडपा बाजूस आहेत. त्या इंजिनाचे नाव ‘हरिकेन’, म्हणजे झंझावात. आमच्या गाडीची चाल पाहणारास या नावाचे हसू येईल. परंतु सुमारे पंचाहत्तर अश्वांचे बळ त्यात आहे, आणि ते बळ वेगासाठी नसून ओढण्यासाठी आहे.

आता मुख्य निरूपणाकडे वळू. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी भक्ताचा ‘योगक्षेम’ वाहण्याचे आश्वासन दिले आहे. आपण हा शब्द निर्वाह या अर्थी सरसकट वापरतो. भाष्यकार मात्र त्याची दोन पदे वेगळी करून सांगतात. जे आपल्याजवळ नाही ते मिळणे, हा योग. जे मिळाले आहे त्याचे रक्षण होणे, हे क्षेम. वाहन खरेदी करणे हा योग होय. दसऱ्याच्या मुहूर्तावर तो अनेक घरी येतो, पेढे वाटले जातात, हार घातले जातात. पण क्षेम? त्याला मुहूर्त नाही, वाजंत्री नाही, आणि त्याचे छायाचित्रही कोणी काढीत नाही. हे दोहोंतील अंतर आम्हांस ग्रंथातून कळले नाही, हे कबूल करावयास हवे. ते कळले पसरणीच्या घाटात.

१९९८ सालच्या विजयादशमीची गोष्ट. आदल्या दिवशी आम्ही जीपची थाटाने पूजा केली होती. झेंडूचे हार, उसाची कांडे, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकांखाली लिंबे, काही कमी नव्हते. दसऱ्याच्या सकाळी पाचगणीस आप्तांकडे जाऊन सायंकाळी सोने वाटण्यासाठी वाईस परतत होतो. गाडीत आमची पत्नी, दोन मुले आणि वृद्ध मातोश्री. घाट निम्मा उतरलो आणि ब्रेकवर पाय ठेवला, तो पाय थेट पाट्याला टेकला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. पुढे वळण, त्यापलीकडे दरी, आणि मागे मुलांचे गाणे चाललेले.

या गाडीस तीन गिअर. त्यांतील पहिला चालत्या गाडीत सहजासहजी पडत नाही. तो घालण्याच्या खटपटीत हातचाही जाण्याचे भय. म्हणून दुसरा घातला. इंजिनाने हंबरडा फोडला. पण वेग थोडा आवरला. मग हातब्रेक हळूहळू ओढला. या जीपचा हातब्रेक चाकांवर नसतो. गिअरपेटीच्या मागे, मागील चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर त्याचे स्वतंत्र ढोल असते. पायाच्या ब्रेकचे तेल गेले तरी तो जगतो. जळका वास सुटला. डोंगराच्या बाजूच्या चरात डावी चाके घालून गाडी अखेर थांबली. मुलांचे गाणे तोवर बंद झाले होते. मातोश्री नामस्मरण करीत होत्या. आमच्या मुखातून मात्र शब्द फुटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आमचे मिस्त्री आले. आता ते हयात नाहीत. पण जीप हा विषय त्यांनीच आम्हांस शिकविला. मागील उजवे चाक उतरवून त्यांनी आतील ओल बोटाने दाखविली. चाकातील ब्रेकच्या सिलिंडरचा रबरी वायसर फाटून तेल कैक दिवस झिरपत होते. या जुन्या गाडीत चारही चाकांचे ब्रेक एकाच तेलनळीच्या जाळ्यावर चालतात. एके ठिकाणी गळती झाली की चारही ब्रेक जातात. तेलाची डबी चालकाच्या पायांखाली, पाट्याच्या खाली असते. झाकण उघडल्याशिवाय ती दिसत नाही. मिस्त्री हात पुसत एवढेच म्हणाले, “बुवा, वरनं हार घातला, पर खालनं एकदा वाकून बघितलं न्हाई.”

चाळीस वर्षे आम्ही कीर्तन करीत आलो. पण एवढे नेमके निरूपण आमच्याकडून क्वचितच झाले असेल. वाकणे हाच नमस्कार. आम्ही गाडीपुढे वाकलो होतो, गाडीखाली वाकलो नव्हतो.

त्या रात्री आम्हांस महाभारतातील दोन प्रसंग नव्याने दिसले. विराटपर्वात अज्ञातवासापूर्वी पांडवांनी शमीवृक्षावर शस्त्रे ठेवली, ही कथा दसऱ्यास सर्वत्र सांगितली जाते. परंतु झाडावर चढला कोण, हे सहसा कोणी सांगत नाही. चढला नकुल. त्याने पाऊस लागणार नाही अशी जागा पाहून धनुष्ये ठेवली आणि बळकट दोरांनी घट्ट बांधली. हाच नकुल पुढे विराटाच्या पागेत अश्वपाल झाला, हा योगायोग नव्हे. निगा राखणाराचा तो स्वभाव होता. वर्षानंतर अर्जुनाचे गांडीव कामास आले, त्यात नकुलाच्या त्या दोराचा वाटा आहे. दुसरा प्रसंग द्रोणपर्वातील. जयद्रथवधाच्या दिवशी, भर रणांगणात, घोडे थकले तेव्हा श्रीकृष्णांनी ते सोडले, त्यांच्या अंगातील बाण काढले, त्यांना चोळले, पाणी पाजले आणि मग पुन्हा रथास जुंपले. सूर्य मावळतीकडे झुकत होता, प्रतिज्ञा अपुरी होती; तरीही प्रत्यक्ष भगवंतांनी वाहनाची निगा टाळली नाही. मग आम्ही ‘वेळ नव्हता’ असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

तेव्हापासून जीपची निगा हा आमच्या नित्यनेमाचा भाग झाला आहे. दर एकादशीस स्नानसंध्येनंतर, जुने धोतर नेसून, आम्ही गाडीखाली जातो. प्रथम ब्रेकचे तेल पाहतो, मग चारही चाकांची आतील बाजू. हे तेल हवेतील ओल शोषते, म्हणून दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलतो. इंजिनाचे तेल, रेडिएटरचे पाणी, पट्टा, टायरांतील हवा ही तपासणी नेहमीचीच. दीड हजार किलोमीटर झाले की पाट्यांचे शॅकल, स्टिअरिंगचे सांधे आणि दांड्यांचे क्रॉस यांच्या निपलांतून जुने वंगण बाहेर येईतो नवे ग्रीस भरावयाचे. गिअरपेटी, तिच्या मागील दुसरी पेटी आणि पुढचा-मागचा आस अशा चार ठिकाणचे जाड तेल विसरावयाचे नाही. हवा गाळणारे भांडे तेलाचे असते. धुळीच्या वाटेवरून आल्यावर ते रॉकेलने धुऊन ताजे तेल घालावयाचे. आणि पावसाळ्यानंतर सांगाड्याच्या पोकळीत बसलेला चिखल पाण्याच्या धारेने काढून टाकावयाचा. कारण जुन्या जीपचा खरा वैरी खड्डा नव्हे, गंज होय.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे, त्यांस अनुभवाच्या दोन गोष्टी सांगतो. डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात. एका नवशिक्या मुलाने ते सैल करण्याच्या समजुतीने पान्यावर उभे राहून आवळले आणि खिळाच मोडला. दुसरी गोष्ट चारही चाकांना जोर देणाऱ्या दांड्याची. चिखलात, वाळूत, निसरड्या चढावर तो लावावा. कोरड्या डांबरी रस्त्यावर मिरविण्यासाठी लावू नये. वळणावर पुढील व मागील चाकांचे अंतर सारखे पडत नाही. चिखलात चाक थोडे घसरून तो फरक भागवून घेते, डांबरावर ते शक्य नसते, आणि सारा ताण आतील चक्रांवर येतो. सामर्थ्य असणे निराळे आणि ते कोठे वापरावे हे कळणे निराळे.

काळही बदलला आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या काळच्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्याने लवकर खराब होतात, म्हणून ते भाग आम्ही नव्या प्रकारचे बसविले. खाजगी गाडीस पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी नवी करावी लागते. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील जुन्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. आमचे चिरंजीव म्हणाले, “बाबा, तिला त्या मानाच्या पंक्तीत बसवू या.” परंतु त्या नोंदणीची गाडी नेहमीच्या कामास रस्त्यावर काढता येत नाही, ती प्रदर्शनास, मेळाव्यास नेण्यापुरती. आम्ही रात्रभर विचार केला. जोरच्या कीर्तनास जाणार नाही ती आमची जीप कसली? दर पाच वर्षांनी ती परीक्षेस बसते, आणि तिच्याबरोबर आम्हीही बसतो. ज्या दिवशी ती, अथवा आमचे डोळे, त्या परीक्षेत उतरणार नाहीत, त्या दिवशी किल्ली देवापुढे ठेवू.

आता उद्याच्या पूजेविषयी सुज्ञ वाचकांस विनंती. जीप असो, दुचाकी असो वा नवी मोटार असो, पूजेपूर्वी तिचे ब्रेक, टायर, दिवे आणि जादा चाक पाहा. हीच खरी षोडशोपचारांतील पहिली पायरी समजा. पाणी शिंपडाल ते बॉनेट बंद ठेवून. हार जरूर घाला, पण इंजिन सुरू करण्यापूर्वी रेडिएटरच्या जाळीवरून काढा. झेंडूने हवा अडली की इंजिन तापते. कापराची आरती गाडीपासून चार हात दूर धरा. आमच्या जीपची तर पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखालीच आहे. काचेवर हळदकुंकू नको. सारथ्यास वाट दिसली पाहिजे.

पसरणीच्या घाटात ज्या मुलांचे गाणे थांबले होते, त्यांची मुले आता खंडेनवमीस आमच्याबरोबर असतात. थोरला नातू हार ओवतो. धाकटी नात मात्र विजेरी घेऊन गाडीखाली शिरते, चारही चाकांची आतील बाजू पाहते आणि खालूनच ओरडून सांगते, “आजोबा, कोरडं आहे!” ते ऐकल्यावरच आम्ही निरांजन लावतो.

आपणां सर्वांस विजयादशमीचा योग लाभो, आणि त्यानंतरचे क्षेम आपल्या हातून घडो.