निजामाची फौज आणि साहेबाची वही

दौलताबादची बारादरी चढता चढता धाप लागते. ती ओसरली की नजर औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे वळते. तिथल्या छावणीत एकोणिसाव्या शतकात ‘हैदराबाद कंटिंजंट’च्या पलटणी असत. पगार निजामाचा, हुकूम इंग्रज अंमलदारांचा! दौलताबादसारखा किल्ला निजामाच्या पदरी होता, पण त्याच्या तिजोरीला तट नव्हता.

१८०० च्या तहात निजामाने युद्धप्रसंगी ६ हजार पायदळ आणि ९ हजार स्वार द्यावेत, एवढेच ठरले होते. तैनाती फौजेसाठी तर त्याने बळ्ळारी-कडप्प्याकडचा मुलूख तोडून दिलाच होता. शांततेतही कायमच्या पलटणी पोसाव्यात, असे कलम कुठेच नव्हते. तरी वर्षाला सुमारे ४० लाखांचा हा खर्च जमेच्या डोक्यावर बसला. पगार हातात पडण्याआधीच वाण्याने निम्मा कापून घ्यावा, तसा हा प्रकार. तूट पडली की कर्ज. आणि पामर कंपनीचे व्याज शेकडा २४-२५ च्या घरात. ते फेडण्यासाठी उत्तर सरकारांची वार्षिक पेशकश कायमची सोडावी लागली. म्हणजे खर्च भागवायला मिळकतच विकली!

तरी बाकी वाढतच गेली. अखेर २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीच्या ताब्यात गेले. वसुलातून फौजेचा पगार, कारभाराचा खर्च आणि व्याज वजा जाता उरेल ती शिल्लक निजामाची. ऐकायला किती सरळ! पण वही दुसऱ्याच्या हातात असली म्हणजे ‘शिल्लक’ हा शब्द फार लवचिक होतो. १८६० मध्ये ५० लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव व रायचूर परत मिळाले. पण बदल्यात निजामाने मागचा, चालू किंवा पुढचा कसलाही हिशेब मागू नये, असे कलम पडले.

पुढे अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा भाव चढला, आगगाडी आली, वऱ्हाडचा वसूल वाढला. कारभाराचा खर्चही मागे राहिला नाही. रस्ते-शाळा झाल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र किती खर्च योग्य, हे ज्याची जमा होती त्याने विचारायचे नव्हते.

दिवाण सालारजंग वऱ्हाड परत मागत राहिले. १८७६ मध्ये विलायतेलाही गेले. उपयोग झाला नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाखांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. शिल्लक गेली, भाडे आले. ज्या फौजेच्या पगारासाठी हा सारा व्यवहार झाला, ती वेगळी फौज पुढच्याच वर्षी हिंदी सैन्यात विरून गेली. वऱ्हाड परत आले नाही.